वडिलांचा देह कुठे आहे, ते आधी ठरव

ताई,

आम्ही पाच जण दर रविवारी संध्याकाळी एका मित्राच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायचा फाशांचा खेळ खेळतो. नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे, जग मात्र आमच्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, स्वतः रचलेलं. माझं पात्र सौदामिनी. उत्तरेकडच्या एका गढीची सरदारकन्या. काकाने तिच्यावर फितुरीचा आळ घेतला, मग तिच्या वडिलांना मारून गादी बळकावली आणि तिला हद्दपार केलं. आता ती खेचर आणि गाडी घेऊन मीठ-कापडाचा व्यापार करते. वडिलांशी बोलता यावं म्हणून ती नेक्रोमॅन्सी, म्हणजे मृतांची जादू, शिकली. मी विझर्ड (पुस्तकातून जादू शिकणारी) आहे, पण मृतांशी बोलायचा स्पेल, म्हणजे मंत्र, डीएमने खास माझ्यासाठी मान्य केला.

कागदावर हे सगळं छान होतं, टेबलावर काही जमत नाही. मी सांगाडे उठवले की आमचा पॅलाडिन, म्हणजे एका मित्राचं धर्मयोद्ध्याचं पात्र, तलवार उपसतो. मागे एकदा हे भांडण खेळाबाहेर गेलं आणि तो मित्र माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. मी बाजारात शिरले की बाकीचे मोबाइल काढतात. हद्दपारीचं तर कुणाला आठवतही नाही. सगळे म्हणतात, तीन पात्रं एकात कोंबलीस. मी मूळची वेंगुर्ल्याची, भुताखेतांच्या गोष्टी ऐकतच वाढले, त्यामुळे सौदामिनीला सोडवत नाही. नेक्रोमॅन्सी काढून टाकू का? की पात्रच बदलू?

– सौदामिनीची खेळाडू, ठाणे

प्रिय सौदामिनीच्या खेळाडू,

पात्र बदलू नकोस. नेक्रोमॅन्सीलाही इतक्यात हात लावू नकोस. तीन पात्रं एकात कोंबलीस हे तुझ्या मित्रांचं म्हणणं मला पटलेलं नाही. तुझ्या पत्रात मला एकच बाई दिसली. तिचं सगळं हिरावून घेतलं गेलं, त्यातून तिला पै-पैचा हिशेब ठेवायची सवय लागली, आणि एका मेलेल्या माणसाला काही विचारायचं तिचं राहून गेलंय. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंततात कुठे, तेवढं तू अजून ठरवलेलं नाहीस. त्यासाठी मी तुला एकच प्रश्न विचारते: तिच्या वडिलांचा देह आत्ता कुठे आहे?

पत्रात हे कुठेच आलेलं नाही, म्हणजे बहुधा डीएमलाही तू सांगितलेलं नसणार. आता तुमचे नियम काय म्हणतात ते बघ. मृतांशी बोलायचं तर प्रेत समोर असावं लागतं आणि त्याला तोंड शाबूत असावं लागतं. दहा मिनिटं मिळतात आणि पाच प्रश्न. एकदा विचारले की पुढचे दहा दिवस त्या देहावर तो स्पेल चालत नाही. आत्मा परत येत नाही. जिवंतपणी जे ठाऊक होतं तेवढंच तो देह सांगतो, तेही त्रोटक आणि कोड्यात. आणि समोरच्याला तो शत्रू मानत असेल तर खरं बोलण्याचं बंधनही त्याच्यावर नसतं.

म्हणजे वडिलांशी बोलायचं तर सौदामिनीला त्यांच्या देहापर्यंत जावं लागणार, आणि देह बहुधा असणार गढीवर, जिथे तिला पाऊल ठेवायची बंदी आहे. सगळी विद्या तिने ज्या एका प्रेतासाठी शिकली, त्याच प्रेतापाशी जायची तिला मनाई आहे! हद्दपारी कुणाला आठवत नाही असं तू लिहितेस, पण तिची आठवण करून द्यायची गरजच उरणार नाही. प्रत्येक वेळी ती एखाद्या परक्या प्रेतापाशी बसून पाच प्रश्न विचारेल, तेव्हा आपण चुकीच्या माणसाशी बोलतोय हे तिला टोचेल.

डीएमशी एक गोष्ट मात्र पक्की करून घे. त्या राज्यात दहन करतात की दफन? दहन असेल तर तुझा मार्गच खुंटला, म्हणून थडगं किंवा घराण्याचं तळघर मागून घे. तुमच्या मूळ नियमपुस्तकात हा स्पेल विझर्डच्या यादीत नाही, तो बार्ड (गायक-जादूगार) आणि क्लेरिक (पुरोहित) यांचा. तरी डीएमने तुला तो दिला. म्हणजे ही गोष्ट त्यालाही हवी आहे आणि तो तुझ्याकडून काहीतरी येण्याची वाट बघतोय, असं मला वाटतं.

मग ते पाच प्रश्न आजच कागदावर लिही. ‘तुम्हाला कुणी मारलं’ हा त्यांत नको, ते तिला ठाऊक आहे आणि व्यापारी बाई ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी दाम मोजत नाही. शिक्कामोहोर शेवटी कुणाच्या हाती दिलीत? काकाला पैसा कुणी पुरवला? असे विचार. आणि एक प्रश्न असा ठेव की तो विचारायची तिला भीती वाटते: माझ्यावरचा फितुरीचा आळ तुम्हाला खरा वाटला होता का? वडिलांना तो खरा वाटला असेल, तर ते तिला शत्रू मानतात आणि त्यांच्या एकाही उत्तराची खात्री देता येत नाही. हे नियमातच बसतं, वेगळं काही रचावं लागत नाही. ही यादी डीएमला दाखव, पार्टीला, म्हणजे बाकीच्या खेळाडूंना, दाखवू नकोस.

हद्दपारीबद्दल थोडं आणखी, कारण आपल्याकडच्या खेळांत तिची फार वरवर बोळवण होते. खऱ्या हद्दपारीला कलमं असायची. किती वर्षांची, कुठल्या गावी राहायचं, मिळकतीचं काय, मुलाबाळांना लागू की नाही. फ्लॉरेन्सच्या मत्तेओ स्त्रोत्सीला १४३४ मध्ये पेसारोला पाठवलं. मुदत पाच वर्षांची होती, पण तो तिथेच वारला. १४५८ मध्ये त्याच्या मुलांनाही शहराबाहेर काढलं आणि ती बंदी १४६६ पर्यंत उठली नाही. मधल्या काळात मुलगे नेपल्समध्ये पेढी चालवत राहिले आणि त्यांची आई अलेस्सांद्रा फ्लॉरेन्सहून त्यांना पत्रं पाठवत राहिली. ती पत्रं आज उपलब्ध आहेत. कर, लग्नं, पैसा आणि बंदी उठायची आशा, सगळं त्यांत एकत्र येतं. सौदामिनीलाही गढीवर असं एक माणूस हवं, जे तिला लिहितं. दाई असेल, कारकून असेल. डीएमच्या हाती तेवढा दोर दिलास की हद्दपारी आपोआप टेबलावर येते.

आणि एक बाई तुला माहीत असायलाच हवी. ग्रासिया नासी. जन्म लिस्बनचा, १५१० चा. तिचं घराणं जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंचं. नवरा फ्रान्सिस्को मेंडेस, पेढीवाला आणि मिरीचा बडा व्यापारी. ही मिरी आपल्याच किनाऱ्याच्या दक्षिणेकडची, मलबारची, पोर्तुगीज जहाजांतून युरोपात जायची. तो वारला तेव्हा ग्रासिया तरुण होती, पदरात एक मुलगी. १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, स्थापन झालं आणि तिला देश सोडावा लागला. अँटवर्प, व्हेनिस, फेरारा असं करत १५५३ मध्ये ती इस्तंबूलला पोहोचली. वाटेत पेढी सांभाळली, सख्ख्या बहिणीशी इस्टेटीवरून झगडली, तिच्यासारख्या पळून येणाऱ्यांना मदत केली. १५५६ मध्ये पोपच्या अंकोना बंदरात धर्मबदलाच्या आरोपावरून लोकांना जाळलं, तेव्हा त्या बंदरावर बहिष्कार टाकायला तिने तुर्की मुलखातल्या ज्यू व्यापाऱ्यांना उभं केलं. सगळे तिच्यामागे आले नाहीत आणि बहिष्कार फार टिकला नाही, पण जिला घर उरलं नव्हतं त्या बाईने एका बंदराची नाकेबंदी करून बघितली. आणि या सगळ्यात तिने लिस्बनमध्ये पुरलेल्या नवऱ्याच्या अस्थी तिथून काढवल्या आणि जेरुसलेमजवळ पुन्हा दफन करवल्या.

हे वाचताना तुला काय दिसतं ते मला ठाऊक नाही. मला दिसते ती तुझी सौदामिनी. कुठलाही मंत्र नाही, फक्त हुंड्या, ओळखी, लाच देता येतील असे अधिकारी आणि दूर देशी पडलेला एक देह. मेलेल्या माणसाला त्या मुलखातून बाहेर काढणं हे त्या काळात पैशाने आणि चिकाटीनेच व्हायचं. तुझ्या पात्राकडे यातलं सगळं आहे, शिवाय विद्या आहे.

आता व्यापार. बाजारात तू घासाघीस खेळून दाखवत असशील तर मित्रांनी मोबाइल काढले याचं मला नवल वाटत नाही. भाव एका फाशावर मिटव आणि पुढे चल. व्यापाऱ्याकडे पार्टीतल्या इतर कुणाकडे नसतं असं काय असतं? कोण काय विकत घेतंय याची खबर. तुमच्या जगात सगळ्यात बोलकी वस्तू आहे हिरा. नुकत्याच गेलेल्याला मिनिटभरात परत आणायचं तर तीनशे सोन्याच्या नाण्यांचे हिरे जातात. दहा दिवसांत परत आणायचं तर पाचशेचा एक हिरा. हिरा त्यात खर्ची पडतो, परत मिळत नाही. एखाद्या गावात कुणी गुपचूप हिरे गोळा करायला लागला आणि भाव चढला, तर त्या माणसाला आपली माणसं मरणार हे आधीच ठाऊक आहे. हे पार्टीत फक्त सौदामिनीला कळणार. दर बाजारी एवढी एकच बातमी माग. मोबाइल खिशात जातील.

तिची दुसरी वस्तू मीठ, आणि तिथे तर तू न कळत फार सुंदर निवड केली आहेस. प्रेत दहा दिवस न कुजता राखायचा जो दुसऱ्या पातळीचा स्पेल आहे, त्याला चिमूटभर मीठ लागतं आणि दोन तांब्याची नाणी, मृताच्या एकेका डोळ्यावर एकेक ठेवायला. ती नाणी तिथून हलता कामा नयेत. तो देह तेवढे दिवस कुजत नाही आणि कुठलाही नेक्रोमॅन्सर त्याला उठवू शकत नाही. म्हणजे सौदामिनी आपल्यासारख्यांपासूनच मृतांना राखू शकते! हा चालणारा धंदा आहे. तुमच्या नियमांत व्यापाऱ्याने महिन्याला पाच सोन्याची नाणी वर्गणी भरली की त्याचा गिल्ड (व्यापाऱ्यांचा संघ) गरज पडल्यास त्याच्या अंत्यविधीचा खर्च उचलतो. मग गिल्डने सौदामिनीला बोलावलं तर? परगावी मेलेला व्यापारी, घरचे यायला आठ दिवस, तोवर देह कुणी सांभाळायचा? ती येते, पोतडीतून मीठ काढते, प्रेताच्या पापण्या मिटते, नाणी ठेवते, वहीत नाव लिहिते. हा प्रसंग एकदा सावकाश खेळ, घाई करू नकोस. तिच्याबद्दलचं पार्टीचं मत तिथे बदलेल.

ती वही खरंच ठेव. साधी लाल कापडी बांधणीची, आपल्या दुकानात असते तशी. त्यात जमा-नावे फक्त जिवंतांची नकोत. तिला ज्याचा देह वापरावा लागला, त्याचंही खातं उघडायचं. नाव, गाव, काय घेतलं, काय द्यायचं राहिलं.

यातूनच पॅलाडिनचा प्रश्न सुटेल, आणि त्यात त्याची बाजू तुला आधी समजून घ्यावी लागेल. सांगाडे उठवणं हे चांगलं कृत्य नाही, वाईट वृत्तीचे जादूगारच ते वरचेवर करतात, असं तुमच्या नियमपुस्तकातच छापलंय. पण मूळ मुद्दा त्याहून खोल आहे. माणसाला परत जिवंत करायचा स्पेल त्याच्या आत्म्याला विचारतो. आत्मा राजी नसेल तर हिरा कितीही मोठा असो, माणूस परत येत नाही. सांगाडा उठवताना कुणालाच काही विचारलं जात नाही. शिवाय तो देह उठवलेला असेपर्यंत परत जिवंत करायचा तो स्पेल त्यावर चालत नाही. तुझ्या मित्राला ही कलमं ठाऊक असोत नसोत, त्याच्या पात्राला खटकतं ते हेच आहे, आणि ते खटकणं बरोबर आहे असं माझंही मत आहे.

मग सौदामिनीने विचारावं. मरणाच्या दारातल्या माणसाशी, पूर्ण शुद्धीत असताना, साक्षीदारासमोर करार करावा. माझ्या पश्चात माझी हाडं इतके दिवस तुझ्याकडे, त्या बदल्यात माझ्या बायकामुलांना इतकी रक्कम, मुदत संपली की दफन. करारपत्रावर पॅलाडिनची साक्ष घ्यायचा प्रयत्न कर. तो सही करेलच असं नाही, पण त्याला आता तलवारीखेरीज दुसरं काही करण्याजोगं मिळालं. करार नसलेला एकही सांगाडा उठवायचा नाही, हे बंधन तिने स्वतः पाळायचं. यात तुझं नुकसान आहे, फौज लहान राहील. तसाही उठवलेला सांगाडा चोवीस तासच ऐकतो. ताबा टिकवायचा तर मुदत संपण्याआधी पुन्हा तोच स्पेल खर्ची घालावा लागतो, एका वेळी फार तर चौघांवर. ते चुकलं तर सांगाडा तुझा नोकर राहत नाही, आणि आसपास माणसं असतात. रोजचा हप्ता भरायची जबाबदारी कळणारी बाई चारच्या पुढे जाणारच नाही.

आणि पॅलाडिन वरच्या पातळीवर गेला की मृतांना परत आणणारे स्पेल त्यालाही मिळतात. हिरे तो कुठून आणणार? तुझ्याकडून. पार्टीतलं कुणी पडलं आणि जवळ हिरा नसला, तर त्या देहाच्या डोळ्यांवर नाणी ठेवून मुदत थांबवणार कोण? ते दिवस मोजणीत धरले जात नाहीत, हे नियमात स्पष्ट आहे. तुमच्या दोघांची पात्रं एकमेकांशिवाय अपुरी आहेत. हे त्याला सांग.

पण खेळात सांगू नकोस. तो आठवडाभर बोलला नाही ही तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली ओळ. ते पॅलाडिनचं सौदामिनीवरचं रागावणं नव्हतं. त्याला एकट्याला भेट, चहाला ने, आणि विचार की यात त्याला नक्की काय सहन होत नाही. उत्तर नियमांत बसणारं असेलच असं नाही. घरातलं कुणी नुकतं गेलं असेल तर प्रेताची वर्णनं ऐकणं जिवावर येतं, आणि माणूस ते चारचौघांत सांगत नाही, पॅलाडिनचा धर्म पुढे करतो. हे बाकीच्यांनाही विचार. ‘माझं पात्र असंच आहे’ हे वाक्य मात्र तोंडातून काढू नकोस. पात्र तूच रचलंस, तूच बदलू शकतेस.

वेंगुर्ल्याची आहेस म्हणून एक सुचवते. तुमच्या जगातला मृत्यूचा देव बहुधा काळ्या झग्यातला, कवटीवाला असेल. तुझ्या घराजवळ आरवलीला वेतोबा आहे. भुतांचा राजा म्हणवणारा वेताळ तिथे गावाचा राखणदार आहे. लोक त्याला केळ्यांचे घड आणि मोठाल्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्रभर गावाभोवती फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. मृतांचा धनी आणि जिवंतांचा रखवालदार एकच असू शकतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तुझ्या मित्रांना बहुतेक नसेल. सौदामिनीचा देव असा कर, आणि डीएमला त्याचं देऊळ एखाद्या वेशीवर ठेवायला सांग. नाव वेगळं घे, वेतोबाला खेळात ओढू नकोस.

समज, एवढं सगळं करूनही तुझा मित्र म्हणाला की सांगाडे नकोतच. तर ऐक त्याचं. सौदामिनीचं त्यात फारसं काही जात नाही. मीठ आणि नाणी तिच्याकडे राहतात, पाच प्रश्न राहतात, गढी राहते, वही राहते. विझर्डला कुठला स्पेल तयार करायचा ते रोज सकाळी ठरवता येतं. तो एक तयार करायचा नाही, एवढंच. पुस्तकातून खोडायची गरज नाही. पुढे कधी गढीच्या दारात अडचण आली आणि पॅलाडिनने स्वतःहून ते पान उघडायला सांगितलं, तर ते तिथे असेल.

तुझी,
ताई